मदत हवी आहे : वेदीच्या लिननवरचा मेणाचा तेलकट डाग

ख्रिस्तात सलाम, मंडळी. प्रश्न अमेरिकेतल्या एका छोट्या एपिस्कोपल (अँग्लिकन परंपरेतल्या) चर्चच्या वेदीसेवा गटाचा, म्हणजे वेदीची कापडं-भांडी सांभाळणाऱ्या मंडळींचा आहे.

प्रभुभोजनाच्या द्राक्षारसाचा प्याला पुसायच्या रुमालांचं जमलंय. त्यांत पवित्र द्राक्षारसाचा अंश असतो, म्हणून धुण्याचं पहिलं पाणी गटारात न सोडता मातीत ओततो. द्राक्षारसाच्या डागाला थंड पाणीच. गरम लागलं की तो पक्का बसतो. लिपस्टिकवर आधी भांड्यांचा साबण चोळून ठेवायचा. ब्लीच नको, लिननचा धागा कमकुवत होतो. स्टार्च तर मुळीच नको, कडक रुमाल ओल टिपतच नाही!

अडलंय ते वेदीच्या मोठ्या पांढऱ्या कापडावर. पंख्याच्या झोतानं मेणबत्ती एका अंगानं वितळते आणि मेणबत्तीच्या टोकावर मेण आवरणारी पितळी टोपी असूनही थेंब पडतात. कापड फ्रीजरमध्ये ठेवून मेण बोथट सुरीनं खरवडलं, मग टिपकागदाच्या दोन घड्यांमध्ये धरून कोमट इस्त्री फिरवली. मेण गेलं, रुपयाएवढं तेलकट वर्तुळ मात्र राहिलं. धुण्याआधी त्यावर नेमकं काय लावता? स्पिरिट चालेल का?

शिवाय आगमनकाळात (नाताळच्या आधीचे चार रविवार) हिरव्या फांद्यांच्या चक्रातल्या जांभळ्या मेणबत्त्या लागतील. रंगीत मेणावर इस्त्री फिरवली तर रंग धाग्यात उतरतो, म्हणजे तो मार्ग बंदच. तिथे काय करता?