चाइल्ड सीट बेल्टने बांधली तरी डुगडुगते, काय करू?

लेकीची आई
आमच्या गाडीत आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट थेट अडकवायचे हुक नाहीत, म्हणून सात महिन्यांच्या मुलीची सीट गाडीच्याच बेल्टने बांधते, तोंड मागे करून. निघताना बेल्ट घट्ट असतो, पण थोडं अंतर गेलं की सीट डुगडुगायला लागते. वरचं टोक धरून हलवलं तर चांगलीच हलते. नवरा म्हणतो तोंड पुढे करू, पायांनाही जागा होईल. सासूबाईंना वाटतं पुढच्या सीटवर ठेवावी, म्हणजे बाळ डोळ्यांसमोर राहील. काय करू?

मागच्या सीटवरची मावशी
ताई, आधी सासूबाईंचं. समोर चालू एअरबॅग असेल तर मागे तोंड असलेली सीट तिथे कधीच ठेवायची नाही. एअरबॅग फुगते ती थेट बाळाच्या डोक्यामागे, चाइल्ड सीटच्या पाठीवर आदळते. त्यांना हे एवढंच सांगा, त्या ऐकतील.

तोंडही पुढे करू नका. या वयात डोकं जड आणि मान कोवळी. समोरून धडक बसली तर मागे तोंड असलेल्या बाळाचं डोकं, मान, पाठ एकदमच सीटमध्ये रुततात. तोंड पुढे असेल तर पट्टे धड अडवतात आणि डोकं तेवढं पुढे फेकलं जातं. चाइल्ड सीटसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या आर१२९ नियमात निदान १५ महिन्यांपर्यंत तोंड मागेच ठेवायचं आहे. सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत मूल मावतंय तोवर त्यानंतरही तसंच ठेवा. पाय दुमडले तर दुमडू देत.

आता डुगडुगणं. वरचं टोक धरून बघू नका, ते थोडं हलतंच. बेल्ट सीटमधून जिथून जातो तिथे धरून डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे ढकला. तिथे २.५ सेंटिमीटरपेक्षा जास्त हललं तर सैल आहे. वाटेत सैल होतंय, म्हणजे बेल्ट अडकून राहत नसावा. गाडीचा बेल्ट एरवी मोकळाच असतो, झटका बसला की अडकतो. काही गाड्यांत तो शेवटपर्यंत बाहेर ओढला की आत जाताना कटकट आवाज करत अडकत जातो. तुमचा तसा नसेल तर चाइल्ड सीटवरच पट्टा दाबून धरणारी क्लिप आहे का पाहा. बांधताना बेल्टच्या जागेवर हाताने जोर देऊन सीट खाली दाबा, आधी कमरेचा भाग ओढा, मग खांद्याचा. पट्ट्याला पीळ नको. शक्ती लावून नुसतं ओढत बसण्यात अर्थ नाही.

दोन मुलांचा बाबा
बकलही तपासा. बकलचा दांडा लांब असला की ते चाइल्ड सीटच्या प्लॅस्टिकच्या कडेवर आडवं पडतं. ओढताना घट्ट लागतं, मग गाडी हलली की कडेवरून घसरतं. तसं असेल तर मागचीच दुसरी जागा वापरून बघा. तिथेही तेच झालं तर ही सीट त्या गाडीला जुळत नाही, दुसरी शोधा.

लेकीची आई
बकलच होतं! पलीकडच्या बाजूला बसवली, आता अगदी घट्ट. सासूबाई तिच्याशेजारी मागे बसतात. पण झोपली की डोकं पुढे पडतं.

मागच्या सीटवरची मावशी
ते आजच बघा. हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट अरुंद होते. गाडी सपाट जागी उभी करून सीट किती कललीय ते दाखवणारी बाजूची रेघ किंवा चिन्ह तपासा. काही सीटांवर वजनाप्रमाणे वेगवेगळ्या खुणा असतात, बाळाच्या वजनाची बघा. कल बदलला की बेल्ट नव्याने घट्ट करा. खाली टॉवेल ठेवायचा तर माहितीपुस्तिकेत परवानगी असेल तरच.

बाळाचे खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून निघायला हवेत. गळ्याखालच्या हाडापाशी पट्टा चिमटीत धरून बघा, घडी पडली तर अजून ओढा. जाड जॅकेट आधी काढा आणि पट्टे लावल्यावर वरून पांघरा.