मदत हवी: डिलिव्हरीच्या मॅपमध्ये हवामानाचा डेटा कसा आणू?

पायवाट: आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दीडशे गाड्या मॅपवर लाइव्ह दिसतात. आता मागणी आलीय की रूटवर कुठे जोराचा पाऊस-वारा लागणार ते दिसावं आणि ईटीएही (पोचण्याची अंदाजे वेळ) त्यानुसार बदलावा. डेटा फुकट हवा, वेगळा सर्व्हर मिळणार नाही, मी एकटा आणि हातात दोन आठवडे. काय वापरू?

जुनाखलाशी: दुसऱ्याच्या एपीआयच्या (नेटवरून डेटा मागवायच्या सोयीच्या) भरवशावर राहू नका. मी ज्या सेवेवर सगळं उभं केलं होतं ती विकली गेली, एपीआय बंद झाला आणि तीन महिने तेच काम पुन्हा केलं. जीएफएस या अमेरिकी हवामान मॉडेलच्या ग्रिब2 (हवामान डेटाचा फॉरमॅट) फाइल्स स्वतः उतरवा. 0.25 अंशांचा ग्रिड, दिवसातून 4 रन, म्हणजे 4 वेळा नवा अंदाज. एक दणकट सर्व्हर घ्या, बास.

पायवाट: सर्व्हर नाही हो, वर लिहिलंय.

नकाशेवाली: ओपन-मीटिओ ही हवामान डेटाची सेवा घ्या. एपीआय की (वापराचा परवाना-कोड) लागत नाही, माझं तासाभरात झालं.

जुनाखलाशी: त्यांची फुकट सेवा बिगर-व्यावसायिक वापरापुरती आहे. इथे गाड्या धंद्याच्या आहेत.

नकाशेवाली: मग मेट नॉर्वे, नॉर्वेची हवामान संस्था. धंद्यालाही चालतं, पण विनंतीच्या यूजर-एजंट या मजकुरात स्वतःची ओळख द्यावी लागते, नाहीतर 403 (नकार) येतो.

तिठा: सोर्स कुठलाही असो, गाडी आत्ता जिथे आहे तिथलं हवामान घेऊन उपयोग नाही. रूटचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यावर गाडी किती वाजता पोचेल ते काढा आणि त्या तासाचा अंदाज घ्या. आम्ही आधी हे केलं नव्हतं. पाऊस थांबून गेलेल्या रस्त्यावरही मॅप लाल दिसायचा, शेवटी ड्रायव्हरांनी त्याकडे बघणंच सोडलं.

आणि कॅशिंग कराच, म्हणजे एकदा आणलेला डेटा साठवून पुन्हा वापरा. 150 गाड्या, प्रत्येकीच्या रूटवर 20 बिंदू, दर 10 मिनिटांनी विचारलंत तर तासाला 18,000 कॉल. मॉडेलचा रनच 6 तासांनी येतो, मधल्या वेळात तेच आकडे परत मिळतात. ग्रिडचा चौकोन आणि तास मिळून कॅशची की (साठवलेला डेटा शोधायची खूण) बनवा.

बिनतारी: ओपन-मीटिओ बघा, एपीआय की लागत नाही.

कंपास७: जिओजेसनमध्ये (मॅप डेटाचा फॉरमॅट) आधी रेखांश, मग अक्षांश. उलट टाकून मी दोन दिवस घालवलेत.

नकाशेवाली: ते सगळ्यांनाच माहीत असतं.

कंपास७: असतं, तरी चुकतं. युरोपीय हवामान केंद्राच्या (ईसीएमडब्ल्यूएफ) डेटात पाऊस मीटरमध्ये असतो, तोही रन सुरू झाल्यापासूनचा एकूण. तासाचा पाऊस हवा तर आधीच्या तासाचा आकडा वजा करावा लागतो. आमच्या मॅपवर पाऊस नुसता वाढतच चालला होता.

जुनाखलाशी: म्हणूनच म्हणतो, जीएफएस.

पायवाट: सगळ्यांचे आभार. ठरवलंय: ईटीएला हातच लावत नाही. पावसाने वेग किती घटतो याची आमच्याकडे नोंदच नाही, मग आकडा कशावरून बदलू? फक्त अधिकृत हवामान इशाऱ्यांचं सीएपी (इशारे देण्याचा ठरलेला फॉरमॅट) फीड मॅपवर दाखवतो, पुढचं डिस्पॅचर ड्रायव्हरशी बोलून ठरवतील.

जुनाखलाशी: ईटीएशिवाय हे अर्धंच काम आहे.

तिठा: मला पटलं नाही, पण करणार असाल तर दोन गोष्टी. सीएपीमध्ये कधी पॉलिगॉन (भागाची आखलेली सीमा) येतो, कधी नुसता जिओकोड (भागाचा कोड), तेव्हा हद्दींचा तक्ता आधीच जमवून ठेवा. आणि प्रत्येक इशाऱ्याची मुदत तपासा, नाहीतर कालचा लाल पट्टा आजही मॅपवर राहील.