वर्षानुवर्षं पुरुष म्हणून जगलेल्या बायकांवरचे जुन्या काळातले पिक्चर सुचवा ना

अमळनेरची_पोर

नमस्कार मंडळी, जळगावात आमचा नाटकाचा छोटा ग्रुप आहे, सध्या एक एकांकिका बसवतोय. काळ साधारण १९२० चा, कापसाची जिनिंग फॅक्टरी. नवरा वारल्यावर एक बाई गाव सोडते, धोतर-बंडी घालते, केस कापून डोक्याला रुमाल गुंडाळते आणि नवऱ्याचंच नाव सांगून हमालीला लागते, कारण बायांना मजुरी कमी आणि गाठी उचलायचं काम तर बाईला कुणी देतच नाही. तशीच बारा वर्षं काढते.

मला असे पिक्चर पाहिजेत ज्यात बाई असं खरंच जगते. म्हणजे दोन गाण्यांपुरता वेष आणि मग फेटा पडला, केस मोकळे झाले, हिरो बघतच राहिला, ते नको. अंघोळ कुठे करते, पाळीचे कपडे कुठे वाळत घालते, चार माणसांच्या खोलीत झोपते कशी, दाढी का येत नाही असं कुणी विचारलं तर काय सांगते, हे कुणी दाखवलंय का? आमच्या तालमीत ती धोतर नेसून आली की पोरं हसतात आणि मला त्याचा खूप त्रास होतो, कारण त्या बाईसाठी हे पोटाचं काम आहे.

मेहरुणकर

ताई, आधी 'अल्बर्ट नॉब्ज' बघ, २०११ चा, ग्लेन क्लोज आहे. एकोणिसाव्या शतकातलं डब्लिन, हॉटेलातला वेटर, कित्येक वर्षं त्याच वेषात. लहानपणी झालेल्या अत्याचारानंतर त्या पोरीने जुना सूट घालून वेटरचं काम धरलेलं असतं आणि मग त्यातून बाहेर यायचा रस्ताच राहत नाही. टिपचे पैसे खोलीत जमिनीच्या फळीखाली लपवायचे, वहीत हिशोब लिहायचा, तंबाखूचं दुकान टाकायचं स्वप्न बघायचं. तू झोपायचं विचारलंस ना, अख्खी गोष्टच तिथून फिरते. मालकीण एका रंगाऱ्याला रात्रीपुरतं अल्बर्टच्याच पलंगावर झोपायला पाठवते, कपड्यात पिसू शिरते आणि भेद फुटतो. पुढे कळतं की तो रंगारी, ह्युबर्ट, तोही बाईच आहे आणि एका शिवणकाम करणाऱ्या बाईसोबत घर करून राहतो. जॅनेट मॅकटिअरने केलाय तो रोल, दोघींना ऑस्करचं नामांकन होतं. ग्लेन क्लोजने हाच रोल १९८२ मध्ये स्टेजवर केलेला, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं ती बाई तिच्या डोक्यात होती.

आणि एक सीन, दोघं बऱ्याच वर्षांनी बायकांचे झगे घालून समुद्रावर जातात. तिथे अल्बर्ट जो पळतो तो बघच, मी सांगत नाही.

चोपडा_नाका

मजुरीवरून सांगतो. 'द बॅलड ऑफ लिटिल जो', १९९३, मॅगी ग्रीनवाल्डचा. अमेरिकेत लग्नाआधी मूल झालं म्हणून घरच्यांनी हाकललेली पोरगी, एकटी निघते तर रस्त्यात जो भेटेल तो तिला विकायला नाहीतर ओरबाडायला बघतो, शेवटी स्वतःच्या हाताने गालावर जखम करून पुरुषाचे कपडे चढवते. मग खाणीच्या वस्तीत राहते, मेंढ्या राखते, जमीन करते. जोसेफिन मोनाहन नावाच्या खऱ्या बाईवर आधारलेला आहे. तुला दाढीचं उत्तर तिथे मिळेल, गालावर तो व्रण असला की माणसं चेहऱ्याकडे दुसऱ्या नजरेने बघतात.

'येंटल' (१९८३) पण आहे, बार्बरा स्ट्रायसँडने डायरेक्ट केलेला, १९०४ चं पोलंड, मुलीला धर्मग्रंथ शिकायला बंदी म्हणून ती मुलगा होते. गाणी फार आहेत, तुझ्या कामाचा कमी.

धुळेकर_काका

बेटा, परदेशातलेच कशाला, आपल्याकडचा 'किस्सा' बघ. अनुप सिंगचा पंजाबी सिनेमा, २०१३. फाळणीत उजाडलेला इरफान खान, मुलगाच हवा म्हणून चौथ्या मुलीला मुलगा म्हणून वाढवतो, पुढे तिचं लग्नही एका मुलीशी लावून देतो. तिलोत्तमा शोमने कंवरचं काम केलंय आणि रसिका दुगल तिची बायको. इथे वेष तिने निवडलेला नाही, बापाने लादलाय. हा फरक मला फार मोठा वाटतो. तुझी हमाल बाई स्वतः ठरवते, तिच्यात भीती असेल पण हिंमतही तेवढीच दिसली पाहिजे, 'अल्बर्ट नॉब्ज' आणि 'किस्सा' एकापाठोपाठ बघितलेस तर अंगात फरक कसा दिसतो ते कळेल.

'रुद्रमादेवी' (२०१५) अनुष्का शेट्टीचा, मोठा सेट, लढाया, तोही बापाने राजपुत्र म्हणून वाढवलेल्या मुलीचा. सिनेमा मला भडक वाटला पण बाई खरी आहे, वारंगळची काकतीय राणी, तेराव्या शतकातली, शिलालेखांत तिचं रुद्रदेव असं पुरुषी नाव येतं. देवगिरीच्या महादेव यादवाशी तिची लढाई झाली होती. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणचे निकुंभ याच यादवांचे मांडलिक, म्हणजे गोष्ट आपल्यापासून फार लांबची नाही.

अमळनेरची_पोर

काका, मेहरुणकर दादा, खूप खूप आभार, आज रात्रीच सुरुवात करते. अजून एक, आमच्यात वाद चाललाय की बाकीची पात्रं तिला 'तो' म्हणतील, पण सूत्रधाराने काय म्हणायचं?

सातपुडा

मी तर म्हणेन सूत्रधाराला घाई करू देऊ नका. जेम्स बॅरी म्हणून इंग्रज लष्करातला डॉक्टर होता, १८२६ मध्ये केपटाऊनला सिझेरियन केलं, आई आणि बाळ दोघं वाचले. १८६५ मध्ये वारला तेव्हा कळलं की शरीर बाईचं होतं. काही लोक लिहितात की बाईला डॉक्टर होता येत नव्हतं म्हणून घेतलेलं सोंग, काही म्हणतात तो आयुष्यभर पुरुष म्हणून जगला तर त्याला पुरुषच म्हणा. मला दुसरं पटतं. ह्युबर्टचंही तेच, त्या माणसाला बघून सोंग वाटतच नाही.

मेहरुणकर

बॅरीबद्दल मान्य भो, पण हिच्या नाटकातली बाई पोटासाठी हे करतेय, तिला स्वतःला काय वाटतं ते लेखिकेनेच ठरवायचं. उलट हॅना स्नेल बघ, जेम्स ग्रे या नावाने इंग्रजांच्या मरीनमध्ये भरती होऊन १७४८ मध्ये आपल्या पुद्दुचेरीच्या वेढ्यात लढली, जखमी झाली, आणि १७५० मध्ये परत गेल्यावर स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं, पेन्शनही मिळवली. सगळ्यांना एका मापात नको बसवायला.

भुसावळ_जंक्शन

हसण्याचं सांगतो. पोरं धोतराला हसत नाहीत, नटी चालीत जे जास्तीचं करते त्याला हसतात, छाती काढून चालणं, आवाज जाड करणं. ग्लेन क्लोज यातलं काहीच करत नाही, ती अंग आखडून, कमीत कमी बोलून, कुणाच्या नजरेत न येता वावरते. आपल्या तमाशात, खानदेशी वहीगायनात बाप्यांनी बाईचं काम करायची पद्धत जुनी आहे, त्यातले म्हातारे कलाकार अजून आहेत गावोगाव, त्यांना भेटा, चाल कशी घोटायची त्यांना बरोबर माहिती, फक्त तुम्हाला उलटं करायचंय. आणि नटीला महिनाभर खरी पोती उचलायला लावा, पाठीवर वजन असलं की चाल आपोआप बदलते. केस सोडायचा सीन ठेवूच नका. रविवारी तालीम असेल तर कळवा, मी येतो.