काउंटीचा आकडा नेमका कोणाच्या खात्यात जातो?
अमेरिकेतील ग्रामीण काउंटीला (आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग) मिळालेल्या शेती अनुदानाला तेथील शेतकऱ्यांच्या संख्येने भागून सरासरी काढावी, ही या चर्चेत आलेली सूचना मला दिशाभूल करणारी वाटते, कारण ही रक्कम माणशी वाटली जातच नाही. २०१४ च्या कृषी कायद्याने दरवर्षीची ठरावीक थेट देयके बंद करून मुख्यतः दोन योजना आणल्या: एकीत बाजारभाव कायद्यात ठरवलेल्या संदर्भ किमतीखाली गेल्यास भरपाई मिळते (त्या कायद्यात मक्यासाठी ही किंमत बुशेलमागे, म्हणजे सुमारे २५ किलोमागे, ३.७० डॉलर होती), तर दुसरीत काउंटीचे एकरी उत्पन्न (उत्पादन गुणिले भाव) मागील पाच वर्षांवरून ठरवलेल्या मानकाच्या ठरावीक टक्क्यांखाली घसरावे लागते (त्या कायद्यात ही मर्यादा ८६ टक्के होती). पैसे मिळतात ते पूर्वीच्या पेऱ्याच्या नोंदींवरून ठरलेल्या ‘आधार क्षेत्रा’वर, त्यामुळे मक्याची नोंद असलेल्या जमिनीत यंदा सोयाबीन पेरणाऱ्यालाही मक्याचे देयक मिळू शकते, आणि दुसऱ्या योजनेत एखाद्याचे स्वतःचे पीक गारपिटीने झोपले तरी काउंटीची सरासरी चांगली असल्यास त्याच्या हाती एक डॉलरही येत नाही. (त्यासाठी पीकविमा वेगळा काढावा लागतो.)

खंडाचा, म्हणजे जमिनीच्या भाड्याचा, मुद्दा मात्र चर्चेत आलेलाच नाही. रोख खंडाने कसणाऱ्याला तेथे देयक स्वतःच्या नावावर मिळते. आपल्याकडे पीएम-किसानचे वर्षाचे ६००० रुपये जमीनधारकाला मिळतात, त्याच्या हे उलट आहे. तरीही अनुदानाची अपेक्षा धरून मालक खंड वाढवून मागतो, तेव्हा कुळाच्या खात्यात आलेल्या त्या पैशांतील काही हिस्सा शेवटी मालकाकडेच जातो.