मोडीच्या भावानं घेतलं, तिप्पट भावानं विकलं. ही लुबाडणूक का?

घंगाळवाली

गेल्या आठवड्यात माझ्या पेजवर एका बाईंनी सगळ्यांसमोर लिहिलं, "हे आमचं घंगाळ आहे. आमच्याकडून मोडीच्या भावानं नेलं आणि आता साडेसात हजार? ही लुबाडणूक आहे." चाळीसेक जणांनी त्याला लाइक केलं. मी ते पुसलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. म्हणून इथे विचारते.

अडीच वर्षं मी जुनी तांब्या-पितळेची भांडी विकते. घरूनच, इन्स्टाग्रामवर. माल बहुतेक जुन्या नाशकातल्या वाड्यांमधून येतो. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते, मग कुणीतरी बिल्डरशी बोलतं आणि माळे उपसायला निघतात. तिवंधा, डिंगर आळी, सोमवार पेठ, तोच सगळा भाग. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये पिंप आणि बंब कुठे ठेवणार? मग फोन येतो, "ताई, थोडी भांडी आहेत, बघून जाता का?"

त्या बाईंच्या घरातून मी अकरा वस्तू घेतल्या. भंगारवाला आदल्या दिवशी ४६० रुपये किलो म्हणून गेला होता, मी ५०० दिले. काटा त्यांच्यासमोर लावला. घंगाळ ५.२ किलो भरलं, म्हणजे २,६०० रुपये. विकलं ७,५०० ला, बंगळुरूला. आता मधलं ऐका. रिक्षा २५०, घासणं-पुसणं ३००, खोकं-फोम-पट्ट्या ४००. आणि कुरिअर. हे कुणाला माहीत नसतं: कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि जो आकडा मोठा तो लावतात. ४५ बाय ४५ बाय ३० चं खोकं म्हणजे बारा किलो. पाच किलोच्या घंगाळाला बारा किलोचे पैसे, १,१५०. उरले २,८००. त्यातही अकरापैकी सहा वस्तू आठ महिने माझ्या पलंगाखाली आहेत. सासूबाई म्हणतात, घर आहे की भांडी बाजार.

एवढा हिशेब मांडूनही तो शब्द काही डोक्यातून जात नाही. बोला.

सडेतोड

हिशेब चोख आहे, पण चुकीच्या गोष्टीचा आहे. तुमचे कष्ट कुणी नाकारलेच नाहीत. प्रश्न एवढाच, की काटा लावताना हे सात हजारांच्या आसपास जाईल हे तुम्हाला ठाऊक होतं ना? आणि त्यांना नव्हतं. तुम्ही वजनावर घेता आणि नगावर विकता. सगळी गोम तिथे आहे. भंगारवाला निदान वजनावर घेऊन वजनावरच विकतो.

पंचवटीकर

सडेतोडभाऊ, कधी भांडी बाजारात मोड घेऊन गेला आहात का? तिथे आधी वजनातून घट कापतात, मग मोडीचा भाव लावतात आणि नवं भांडं घ्यायला गेलात की वर मजुरी घेतात. पिढ्यान् पिढ्या हेच चाललंय, त्यांना कुणी लुटारू म्हणत नाही. आमच्या आईनं दोन पितळी हंडे देऊन स्टीलचे डबे घेतले आणि आठवडाभर गल्लीत मिरवले. या ताई भंगारवाल्यापेक्षा ४० रुपये जास्त देतात तर त्या गुन्हेगार! चोर सोडून संन्याशाला फाशी.

सडेतोड

भंगारवाल्यापेक्षा बरी वागते एवढंच जर म्हणायचं असेल, तर तो झेंडा फार उंच नाही. आणि संन्यासी २,८०० चा नफा काढत नसतो.

तांबटाचा नातू

आमचं घर तांबट आळीतलं. आजोबांनी आयुष्यभर ठोकाठोकी केली, वडिलांनी निम्मं आयुष्य, मी नोकरी करतो. सुट्टीत हात चालतो अजून. दोन्ही बाजूंना थोडं थोडं बोलणार आहे.

पहिलं. मोडीत गेलेलं भांडं भट्टीत जातं. आजोबा चांगल्या घडाईचा हंडा मोडीत आला की दोन दिवस बाजूला ठेवायचे. तिसऱ्या दिवशी जायचाच. कारण धातूला भाव होता, घडाईला नव्हता. ताईंच्या गिऱ्हाईकानं जे जास्तीचे पैसे दिले ते घडाईचे आहेत. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ती ज्यानं केली त्याला ते मिळाले नाहीत, मिळणारही नाहीत. पण भांडं तरी वाचलं. मला हे चांगलं वाटतं.

दुसरं, आणि इथे मी ताईंवर नाराज आहे. ताई, तुमचं पेज मी बघितलं. "हाताने ठोकलेला" म्हणून टाकलेल्या तांब्यांपैकी निदान दोन यंत्रावरचे आहेत. आत बघा, एकाच मध्याभोवती बारीक रेघांची वर्तुळं दिसतात. तो साच्यावर दाबून फिरवलेला पत्रा. हातानं ठोकलेल्याला ठोक्यांच्या ओळी असतात, आणि त्या सारख्या नसतात. घडवणाऱ्याचा हात दुपारनंतर दमतो, ते तळाकडून काठाकडे येताना कळतं. जुन्या हंड्याच्या अंगावर दातेरी सांधा दिसतो, दोन कडा दातात दात घालून झाळलेल्या. तो कुणी नकली करत बसत नाही, परवडत नाही. बाकी मुरादाबादहून नवा माल आणून, तेजाब लावून काळा करून "आजीच्या काळातला" म्हणून विकणारे मला ठाऊक आहेत. तुम्ही त्यातल्या नाही, पण गिऱ्हाइकाला फरक कसा कळणार?

अजून एक. जुन्या भांड्यांना जागोजागी डाख, म्हणजे सांधायला वितळवलेला धातू, दिलेला असतो आणि त्यात शिसं असू शकतं. वर कल्हई केली म्हणून त्यात आमटी उकळायला सांगू नका. "आयुर्वेदिक स्वयंपाकासाठी" हे तुमच्या तपेल्याखाली लिहिलंय ते आज काढा.

घंगाळवाली

तपेल्याखालचं आत्ताच काढलं. तांब्यांचे आतले फोटो तुम्हाला पाठवते, खरंच. मला विकणाऱ्यांनी हाताचे म्हणून सांगितलं होतं. हे उत्तर पुरेसं नाही, कळतंय.

येवलेकरीण

भांड्यांचं ठीक आहे हो, निदान वजन तरी केलं. आमच्याकडे बोहारणीनं आजीची पैठणी नेली आणि त्या बदल्यात एक स्टीलची बादली आणि दोन ताटल्या दिल्या. अस्सल जरीची होती. रेशमाला किंमत शून्य, पदर जाळून त्यातली चांदी काढायची, हाच तेव्हाचा व्यवहार. येवल्यात हातमागावर आता तसा पदर विणायचा म्हटला तर महिनेच्या महिने लागतात. आज तशी जुनी पैठणी कुणी ऑनलाइन विकायला ठेवली आणि लाख रुपये मागितले तर मी लुबाडणूक नाही म्हणणार. जाळली नाही ना, बास.

आणि बोहारणीला तरी नावं का ठेवायची? ती डोक्यावर गाठोडं घेऊन उन्हात फिरायची. आजीनं दार उघडलं होतं.

हिशेबनीस

मी कर सल्लागार आहे, त्यामुळे मला नैतिकता विचारू नका. पण ताईंनी "बंगळुरूला विकलं" असं सहज लिहिलंय म्हणून सांगतो. उलाढाल ४० लाखांच्या आत असली तर जीएसटी नोंदणी नको, हे सगळ्यांना पाठ असतं. ते राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला. करपात्र माल राज्याबाहेर गेला की साधारणपणे पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सवलत आहे, तुमचं त्यात बसतं का ते कागद दाखवून विचारा. चांगली बातमी अशी, की जुना माल विकणाऱ्याला मार्जिनवर कर भरता येतो, म्हणजे विक्री आणि खरेदी यांच्या फरकावर, खरेदीवरच्या कराचं क्रेडिट घेतलं नसेल आणि वस्तूचं रूप बदललं नसेल तर. त्यासाठी खरेदीची चिठ्ठी हवी. कुणाकडून, काय, किती वजन, किती रुपये. ती ठेवता का?

दुसरी गंमत. तुमच्या पेजवर एका समईखाली "किमान १५० वर्षं जुनी" लिहिलंय. १९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षं ओलांडलेल्या कलाकुसरीच्या वस्तूंना लागू शकतो. पुरावशेषांचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे ते वाक्य खरं असेल तर परवाना कुठाय, आणि खोटं असेल तर गिऱ्हाइकाची फसवणूक. दोन्हीकडून ओढवून घेतलंत. हस्तिदंती फणी, करंडा असलं काही माळ्यावरून आलं तर हातच लावू नका, तो वन्यजीव कायदा आणि तो फार कडक आहे.

पंचवटीकर

घ्या! बाई २,८०० कमावत होती, तेही गेले.

घंगाळवाली

वही आहे, पण त्यात नुसतं "डिं. आळी, ११ नग" असं लिहिते. चिठ्ठी करेन. समईचं १५० मी माझ्या मनानं लिहिलं, त्या घरच्या आजोबांनी "खूप जुनी" एवढंच सांगितलं होतं. काढते.

माहेरवाशीण

सगळे भावावर भांडताय. मी ती मूळ पोस्ट बघून आले. तिसऱ्या फोटोत घंगाळाच्या काठाखालचं नाव अगदी जवळून घेतलंय. "चि.सौ.कां." पासून पुढे पूर्ण नाव, आणि "मामाकडून". खाली इंग्रजीत लिहिलंय की प्रत्येक भांड्याला एक गोष्ट असते. ताई, तुम्ही इथे एवढा लांबलचक हिशेब लिहिला, खोक्याची लांबी-रुंदीसुद्धा लिहिली. हे नाही लिहिलंत.

माझ्या आईच्या लग्नात भांड्यांवर नावं घालायला माणूस दोन दिवस ओटीवर बसला होता. टकटक टकटक. मामाकडून आलेल्या घंगाळात नवरीला पहिलं न्हाऊ घातलं. त्या बाईंना साडेसात हजारांचा राग आलाय असं मला वाटत नाही.

सडेतोड

हे मात्र मला सुचलं नव्हतं.

पंचवटीकर

पण मग काय करायचं? नाव बफवर घासून काढायचं? तेही वाईटच. आणि विकताना त्यांनी का नाही बघितलं?

घंगाळवाली

बघितलं नाही कारण दिसत नव्हतं. माळ्यावरचं किट होतं. वाडा सखल भागात, २००८ च्या पुराचा गाळसुद्धा कडीच्या खाचेत वाळून बसला होता. चिंचेनं दोनदा घासलं तेव्हा नाव वर आलं. मला आनंद झाला. खरं सांगते, पहिला विचार हाच आला की आता हे लवकर जाईल. नाव असलेलं भांडं लवकर जातं. आणि जास्तीला जातं. नाव नसतं तर मी साडेपाच लावले असते. म्हणजे वरचे दोन हजार कशाचे होते, ते मी हिशेबात धरलंच नाही.

ते नाव त्या बाईंच्या आईचं आहे. काल मी फोन केला. त्या भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "आईचं नाव त्यावर आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. ती गेल्यावर तुमच्या फोटोत दिसलं." मग म्हणाल्या, "परत मिळेल का? साडेसात देते."

मी बंगळुरूच्या ताईंना लगेच मेसेज केला.

तांबटाचा नातू

मग?

घंगाळवाली

त्या चांगल्या आहेत हो. परत द्यायला तयार आहेत, पैसेही मी दिले तेवढेच घेईन म्हणाल्या. पण त्यांनी फोटो पाठवला. बाल्कनीत ठेवलंय, त्यात मनीप्लांटसारखं काहीतरी लावलंय. पाणी साठू नये म्हणून तळाला तीन भोकं पाडली आहेत.

डिंगर आळीच्या बाईंना अजून सांगितलं नाही.

सडेतोड

सांगा आधी. उशीर कराल तितकं ते वाईट दिसेल.

तांबटाचा नातू

भोकं केवढी आहेत? बोटाएवढी असतील तर आतून पितळी चकती बसवून झाळून देतो, वरून ठोकून घेतलं की पाणी थेंबभर गळणार नाही. खूण राहील, ती जात नाही. त्यांना म्हणावं, माती नीट काढून पाठवा आणि काठ घासू नका.

हिशेबनीस

खोक्याचं माप ४५ चं ४० करा. जरा घट्ट बसेल, पण आठ-नऊशेत येईल.