लिनक्स डेस्कटॉपवरून वरच्या मजल्याला नेट दिलंय, पण काही साइट नुसत्या फिरत राहतात

सिडको_वरचा_मजला:
सिडकोतलं घर, तळमजला आणि वर एक मजला. फायबरचं १०० एमबीपीएस कनेक्शन खाली आहे. ओएनटी (फायबरचा डबा) ब्रिज मोडमध्ये आहे, म्हणजे तो स्वतः राउटरचं काम करत नाही; पीपीपीओई (कंपनीकडे लॉगिन करून होणारी जोडणी) डायल होतं डेबियन १२ या लिनक्सच्या डेस्कटॉपवरून. दुसऱ्या पोर्टसाठी यूएसबी लॅन अडॅप्टर लावलाय. त्यातून कॅट-६ केबल वर नेऊन जुन्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये टाकली आहे. आयपी फॉरवर्डिंग (एका पोर्टवरचा डेटा दुसऱ्याकडे पुढे पाठवणं) चालू केलं, एनएफटेबल्समध्ये (लिनक्सची फायरवॉल) मास्करेड (वरच्या सगळ्यांना डेस्कटॉपच्याच पत्त्यावरून बाहेर काढणं) लावलं.

डेस्कटॉपवर सगळं व्यवस्थित चालतं. वर मात्र पिंग (जोडणी तपासायची छोटी चाचणी) जातं, काही साइट झटकन उघडतात, काही उघडतच नाहीत. रीबूट केलं की वरचं नेट पूर्ण बंद. शिवाय वरचा वायफाय प्रिंटर खालच्या डेस्कटॉपला सापडत नाही. कुठे बघू?

गोदाकाठ:
तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत, एकत्र धरू नका. आधी साइटचं.

पीपीपीओईचं हेडर ८ बाइट खातं, त्यामुळे लाइनवर एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार) १५०० ऐवजी १४९२ उरतो. डेस्कटॉपला हे माहीत असतं, म्हणून तिथे त्रास नाही. वरच्या मोबाइलला मात्र १५०० च दिसतो, म्हणून तो समोरच्या सर्व्हरला एमएसएस (हेडर सोडून एका पाकिटात किती डेटा चालेल तो आकडा) १४६० सांगतो. सर्व्हर तेवढं मोठं पाकीट पाठवतो, ते मध्येच अडतं. 'पाकीट लहान करा' हा आयसीएमपी निरोप वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने टाकून दिला, की सर्व्हर तेच पाकीट परत परत पाठवत बसतो. पिंगचं पाकीट लहान, म्हणून ते जातं.

खात्री करायची तर वरच्या लॅपटॉपवरून 'तुकडे करू नको' हा पर्याय देऊन पिंग करा. १४६४ बाइट जाईल (त्यात २८ हेडरचे, मिळून १४९२), १४७२ जाणार नाही.

उपाय: फॉरवर्ड चेनमध्ये (पुढे जाणाऱ्या पाकिटांच्या नियमांची यादी) टीसीपीच्या सिन पाकिटांचा, म्हणजे जोडणी सुरू करणाऱ्या पाकिटांचा, मॅक्ससेग (तोच एमएसएस) 'आरटी एमटीयू' (वाटेच्या एमटीयूप्रमाणे) इतका करणारा नियम टाका. तो सगळ्यात वर हवा. एस्टॅब्लिश्ड (आधीच सुरू झालेल्या) जोडण्या स्वीकारणारा नियम आधी आला, तर सर्व्हरकडून येणारं उत्तर, म्हणजे सिन-अ‍ॅक त्यातूनच निसटतं आणि काम अर्धवट राहतं.

सातपूर_टर्मिनल:
रीबूटचं मी सांगतो. आयपी फॉरवर्डिंगसाठी सिससीटीएलने (कर्नलच्या सेटिंग बदलणारी आज्ञा) टर्मिनलमध्ये दिलेली किंमत तेवढ्यापुरतीच असते. ती /ईटीसी/सिससीटीएल.डी मधल्या फाइलमध्ये लिहा. एनएफटेबल्सचे नियमही मुख्य फाइलमध्ये ठेवा आणि सेवा 'इनेबल' करा. डेबियनमध्ये ती आपोआप सुरू होत नाही.

एक खाच हमखास नडते. नियमात पीपीपी० (पीपीपीओई जोडणीचं इंटरफेस) साठी 'ओआयएफ' (बाहेर जाणारं इंटरफेस) लिहिलं असेल, तर बूटच्या वेळी ते इंटरफेस अजून जन्मलेलंच नसतं. मग एका ओळीपायी अख्खी फाइल नाकारली जाते, म्हणजे मास्करेडही नाही आणि फायरवॉलही नाही. तिथे 'ओआयएफनेम' लिहा (ते फक्त नाव जुळवतं), आत येणाऱ्या बाजूला 'आयआयएफनेम'.

आणि भाऊ, इनपुट चेनची (डेस्कटॉपकडे येणाऱ्या पाकिटांच्या नियमांची यादी) पॉलिसी ड्रॉप आहे ना, म्हणजे नियमात न बसणारं टाकून दिलं जातं ना, ते आजच बघा. ब्रिज मोडमध्ये तुमचा डेस्कटॉप सरळ बाहेरच्या बाजूला उभा असतो. डीएनएसमास्क (लॅनला पत्ते वाटणारा आणि साइटची नावं शोधून देणारा प्रोग्रॅम) फक्त लॅनच्या इंटरफेसवर ऐकू द्या, त्यात 'बाइंड-डायनॅमिक' ठेवा. म्हणजे यूएसबी अडॅप्टर उशिरा जागा झाला तरी अडत नाही. डॉकर (कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम) बसवलं असेल तर ते फॉरवर्डची पॉलिसी ड्रॉप करून ठेवू शकतं, तेही तपासा.

गोदाकाठ:
प्रिंटर: केबल वॅन पोर्टमध्ये आहे म्हणून राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क करतोय, म्हणजे नॅटवर नॅट (पत्ते बदलण्याचं काम दोनदा). क्रम असा ठेवा. केबल जोडण्याआधी राउटरचा पत्ता तुमच्या लॅनमधला मोकळा द्या (डेस्कटॉप १९२.१६८.५०.१ असेल तर राउटर १९२.१६८.५०.२), मग त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटणारी सेवा) बंद करा, आणि शेवटी केबल लॅन पोर्टमध्ये घाला. डीएचसीपी चालू राहिलं तर अर्ध्या मोबाइलना चुकीचा गेटवे (बाहेर जायचं दार) मिळेल आणि शोधता शोधता नाकी नऊ येतील. पत्ते वाटायचं काम एकट्या डेस्कटॉपचं.

सिडको_वरचा_मजला:
मॅक्ससेगचा नियम वर टाकताच अडलेल्या साइट उघडल्या. 'ओआयएफ' च लिहिलं होतं, ते बदललं. प्रिंटरही दिसतोय. आता पुढे २०० चा प्लॅन घ्यायचा आहे, हाच अडॅप्टर चालेल का?

पंचवटी_केबल:
ईथटूल या आज्ञेने त्या पोर्टचा स्पीड बघा. १०० दाखवत असेल तर अडॅप्टर किंवा जुन्या राउटरचा पोर्ट फास्ट इथरनेटवाला (कमाल १०० चा) आहे, नाहीतर प्लगमध्ये आठपैकी चारच तारा नीट बसल्यात. गिगाबिटला आठही लागतात. अडॅप्टर घ्यायचाच तर यूएसबी ३ चा गिगाबिट घ्या आणि पाठीमागच्या यूएसबी ३ पोर्टमध्येच लावा.

विजेचाही हिशेब करा. डेस्कटॉप सरासरी ५० वॉट धरला तर दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६. ओएनटी आणि राउटर छोट्या यूपीएसवर ठेवून उपयोग नाही, डेस्कटॉपही इन्व्हर्टरवर हवा. बायॉसमध्ये लाइट आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय लावून ठेवा, म्हणजे घरी कोणी नसलं तरी वरचं नेट परत येईल.