मदत हवी आहे : ब्रोकन बीट आणि हाऊस यांची जोड कशी साधावी?

पश्चिम लंडनमध्ये १९९०च्या दशकाच्या अखेरीस रुजलेल्या ब्रोकन बीट या तुटक तालाच्या नृत्यसंगीताची, विशेषतः कैडी टेथम यांच्यासारख्या जॅझ-फंककडे झुकलेल्या कलाकारांची गाणी मी डीजे म्हणून सरळ चार ठोक्यांच्या हाऊस या नृत्यसंगीताला जोडून वाजवू पाहत आहे. दोन्हींची लय १२४ बीपीएमला (मिनिटाला १२४ ठोके) आणूनही जोड फसते, कारण ब्रोकन बीटमधला किक (ड्रमचा जड ठोका) प्रत्येक मात्रेवर पडत नाही आणि दोन बास एकमेकांवर आदळतात. ऐकताना जिन्यावरून डबे गडगडल्यासारखे वाटते. बीटग्रिड (ठोक्यांच्या जागा दाखवणारी आखणी) हाताने लावला, हाऊसचा बास इक्यूने (खालचे-वरचे आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणांनी) पूर्ण उतरवला, सूर जुळणारीच गाणी निवडली. माझ्याकडे दोनच डेक (गाणी वाजवण्याची यंत्रे) आहेत आणि स्टेम, म्हणजे गाण्यातले गायन-वाद्यांचे थर, वेगळे करण्याची सोय नाही. तेव्हा आफ्रिकी किंवा ब्राझिलियन तालवाद्यांची किमान ३२ मात्रांची मोकळी सुरुवात असलेली, या दोहोंच्या मध्ये घालता येतील अशी अलीकडची कोणती गाणी आपण सुचवाल?